पान एकेचाळीस, शेऱ्याचा रकाना

१४ फेब्रुवारी २००३

चि. धाकट्यास,

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या घरात शिरलास. त्या वेळी मी डोळ्यांच्या दवाखान्यात हिरवा झगा घालून उताणी पडले होते आणि डॉक्टर माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढत होते. ऑपरेशनची वेळ मीच तुला फोनवर सांगितली होती. तू म्हणालास, "काळजी घे, ताई." काळजी सोडून बाकी काय काय घ्यायचं ते तुझं तेव्हाच ठरलेलं असणार.

शेजारच्या बाईंकडे माझी किल्ली असते. ताईनेच पाठवलंय, दवाखान्यात जुने कागद लागतायत, असं तू त्यांना सांगितलंस. त्या बिचारीने दार उघडलं, स्टूल धरलं, कपाटावरची पत्र्याची ट्रंक उतरवायला हात लावला आणि वर तुला चहा पाजला. वेळ त्यांच्या लक्षात राहिली, कारण रेडिओवर दहा चाळीसच्या बातम्या लागल्या होत्या आणि तू आवाज जरा वाढवायला सांगितलास. बातम्या ऐकत चहा पिणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. साखर दोन चमचे घेतलीस म्हणे. एवढी वर्षं लोकांचे दात किडले म्हणून त्यांना झापत होतास ना?

फ्रिजवर चिठ्ठी लावलीस: "ट्रंक नेतोय. रागावू नकोस. डोळ्याला पाणी लावू नकोस." ती मी एका डोळ्याने वाचली.

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर काढली. तारीख, वेळ, काय घडलं, काय हवं, कधीपर्यंत हवं. तक्रार एवढीच असते, बाकी सगळं रडगाणं. तेव्हा आता काय हवं ते लिहिते.

बाबांची पदकं ठेव. अडथळ्यांच्या शर्यतीतले त्यांचे खिळ्यांचे बूट ठेव, वैमानिकाची टोपी ठेव, ट्रंकसुद्धा ठेव. मला फक्त निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही हवी, त्यांच्या उड्डाणांची नोंदवही. त्यातही पान एकेचाळीस. १९ एप्रिलच्या ओळीत किती वाजता उडाले, किती वाजता उतरले, कुठलं विमान, हे सगळं भरून झाल्यावर शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. त्यात बाबांनी लिहिलंय: "मुलगी झाल्याची तार आली. आकाश स्वच्छ. लांबचं दिसतंय."

माझ्याबद्दल बाबांच्या हातचं जगात एवढंच आहे. पुढे दोन वर्षांनी त्यांचं विमान पेटलं आणि हात भाजले. नंतर माझ्याबद्दल लिहायची वेळच आली नाही, कारण मी कायम समोर होते, चमचा घेऊन.

वही २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पडली पाहिजे. रजिस्टर पोस्टाने पाठव. स्वतः येऊ नकोस. शेजारच्या बाईंना मी स्टूल धरू नका असं सांगून ठेवलंय.

ताई

❖

२४ फेब्रुवारी २००३

ती. ताईस सा. न.

तुझं समन्स मिळालं. डोळा बरा दिसतोय, अक्षर एका रेषेत आहे.

तू चोरी म्हणतेस. मी त्या ट्रंकेचं झाकण उघडलं तेव्हा आतून वाळवी निघाली. टोपीच्या अस्तरात झुरळांनी अंडी घातली होती. बत्तीस वर्षं तू त्या वस्तूंवर मालकी गाजवलीस आणि एकदाही कापूर टाकला नाहीस. किडका दात पेशंटला विचारत बसलं तर निघत नाही, ताई. तो भूल देऊन काढावा लागतो. भूल डोळेवाल्यांनी दिली, काढायचं काम मी केलं.

आता मी काय करतोय ते ऐक. तुला त्यात कधी रस नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो. पंचवीस वर्षं मी बाबांच्या सहीचा एकेक कागद गोळा करतोय. बाबांच्या धावपटूंच्या क्लबच्या जुन्या मेंबरांकडून, एका पंचाच्या विधवेकडून, लिलावांतून. आजच्या घडीला दोनशे चौदा आहेत. लोक त्या सहीसाठी का जीव टाकतात हे तुला ठाऊक तरी आहे का? डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा माणूस पुन्हा पेन धरणार नाही. त्याने तीन वर्षं दार लावून सराव केला आणि सही परत मिळवली, तीसुद्धा हुबेहूब, युद्धाआधीच्या शर्यतीच्या फोटोवर आहे तशीच. सहीखालची रेघ शेवटी वर उचलली जाते. आमच्या माहितीपुस्तिकेत मी लिहिलंय, "धावपट्टी सोडणाऱ्या विमानासारखी." वाचून क्लबच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं.

क्लब बाबांच्या नावाचं दालन उघडतोय. १५ मे, सकाळी अकरा. प्रत्येक कागद एक तज्ज्ञ तपासणार आणि प्रमाणपत्र देणार. कडक माणूस आहे, चहाही घेत नाही. उड्डाणांची वही मधल्या काचेच्या पेटीत राहील. तुझं ते पान उघडं ठेवू हवं तर. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

आणि एक. तू समोर होतीस म्हणतेस, ते खरंच आहे. आई गेली आणि सातव्या वर्षी मला बोर्डिंगात टाकलं. तू घरी राहिलीस. तुला चालतेबोलते बाबा मिळाले, मला कागदावरचे. सोळाव्या वर्षी शाळेच्या शर्यतीत मी सगळ्यांच्या मागून शेवटचा आलो, एवढ्या मोठ्या धावपटूचा मुलगा. तंबूमागे जाऊन बसलो होतो. चार दिवसांनी त्यांचं पत्र आलं. टाइप तू केलं असशील, पण सांगितलं त्यांनी आणि सही त्यांची. "शेवटचा आलास हे कळलं. शर्यत सोडली नाहीस हेही कळलं. मला तेवढं पुरे. तू माझा मुलगा शोभतोस." ते पत्र एकेचाळीस वर्षं माझ्या खुर्चीसमोर फ्रेममध्ये आहे. दवाखाना बंद केला तेव्हा भिंतीवरून फक्त तेच उतरवून घरी आणलं. रोज दाढी करताना वाचतो.

त्यामुळे कागद कोणाचे, यावर मला शिकवू नकोस.

तुझा
धाकटा

❖

६ मार्च २००३

चि. धाकट्यास,

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा दोन्ही डोळ्यांनी. झुरळांबद्दल तू म्हणतोस ते खोटं नाही. मला ट्रंक उघडवत नव्हती. पान एकेचाळीस मला पाठ आहे, त्यामुळे उघडायची गरजही पडत नव्हती. ती वही डोक्यावर, कपाटावर आहे, एवढं झोपायला पुरायचं.

भांडण वाढवायचं माझं वय राहिलं नाही. देवघेव करू.

टाइपरायटरच्या पेटीच्या तळाशी बाबांची न पाठवलेली पत्रं सापडली आहेत. त्यांच्या छापील कागदावर, चाहत्यांना आभाराची. एकूण पंधरा. सगळ्यांवर सही आहे आणि शाई फिकी झालेली नाही. बाजारात न फिरलेली, घरातून थेट तुझ्या हातात. तुझी संख्या दोनशे एकोणतीस होईल आणि अध्यक्षांना पुन्हा एकदा रडता येईल.

पंधराही सोबत पाठवते आहे, विश्वासाने. बदल्यात वही दे. पेटीत काहीतरी हवंच असेल तर बूट ठेव.

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात. कुणी घालून देणारं नसलं की निम्मे गालावर येतात. हे सहज लिहिलं.

ताई

❖

२० मार्च २००३

ती. ताईस सा. न.

काय लिहू? पाकीट फोडलं आणि पंधराही पत्रं टेबलावर ओळीने मांडली. इतकी वर्षं तुझ्या टाइपरायटरच्या पेटीत हा खजिना होता आणि तू त्यावर भाजीची पिशवी ठेवत होतीस.

तज्ज्ञ आले होते. त्यांनी पंधराही पत्रं भिंगाखाली पाहिली, कागद उजेडासमोर धरला, नाकाशी नेला. एरवी हा माणूस "ठीक" याच्यापुढे जात नाही. त्या दिवशी म्हणाला, "याहून स्वच्छ नमुना मी पाहिला नाही." त्याच्या मते या सह्या बाबांच्या चाळिशीतल्या, हात पूर्ण ताब्यात आल्यानंतरच्या. त्याची कामाची पद्धत अशी आहे: आधी एक नमुना पक्का करायचा, ज्याच्या मुळाबद्दल शंकाच नाही, आणि मग बाकीचे सगळे कागद त्याच्यावर ताडून बघायचे. घरातून, कुटुंबाकडून थेट आलेली म्हणून तुझी पंधरा पत्रंच त्याने नमुना धरली आहेत. म्हणजे आता सगळं दालन तुझ्या पेटीवर उभं आहे. अभिमान वाटू दे.

वहीचं म्हणशील तर तपासणी झाल्याशिवाय ती कशी पाठवू? तिच्यातही महिनाअखेरीच्या एकोणीस सह्या आहेत. तपासून, प्रदर्शन आटोपून, जूनमध्ये बघू. तू पंधरा पत्रं विश्वासाने पाठवलीस, मग तो विश्वास अजून थोडा ताण.

थेंबांचं वाचलं. आरशासमोर उभी राहून घाल.

तुझा
धाकटा

❖

२७ मार्च २००३

धाकट्या,

देवघेव म्हणजे एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं, असा अर्थ तू लावलास. असो.

त्या वहीला तज्ज्ञाचा हात लागू देऊ नकोस. कारण विचारू नकोस. ती सरकारी नोंद आहे, तिला प्रमाणपत्राची गरज नाही. उद्याच्या पोस्टाने आहे तशी पाठव. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तुझ्या सूनबाईंनी उचलला आणि तू आंघोळीला गेला आहेस असं सांगितलं. इतका स्वच्छ माणूस आपल्या घरात आधी झाला नव्हता.

पाच एप्रिलपर्यंत वाट बघते.

ताई

❖

१२ एप्रिल २००३

ती. ताईस,

वही या पत्रासोबत पाठवतो आहे. तुला हवी होती ना? घे. मला आता तिचा उपयोग नाही.

तज्ज्ञाने तीन दिवस घेतले. वहीतल्या एकोणीसपैकी एकही सही नमुन्याशी जुळत नाही. वळण वेगळं, उतार वेगळा, रेघ नाही. युद्धाआधीच्या फोटोवरची सही जुळते, अपघातानंतरची प्रत्येक सही जुळते, फक्त मधली ही वही जुळत नाही. माणसाची सही अशी मधेच दोन-तीन वर्षं परगावी जाऊन परत येत नाही, असं तो म्हणाला. मला हसू आलं. त्याच्या मते तळावरचा एखादा कारकून सगळ्यांच्या वह्या एकगठ्ठा भरत असणार, सह्यांसकट. आणि सह्या ज्या हाताच्या, शेरेही त्याच हाताचे.

म्हणजे पान एकेचाळीससुद्धा, ताई. मीच त्याला ते मुद्दाम दाखवलं. म्हटलं, एवढी ओळ तरी बघा, बहिणीचा जीव आहे त्यात. त्याने भिंग लावलं आणि मान हलवली.

कुणीतरी कारकून होता. तार वाचली असेल, रकाना रिकामा दिसला असेल, भरला. त्याला तरी तुझ्या जन्माचं काही वाटलं म्हणायचं. बाबांच्या हातचं तुझ्याबद्दल काही नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. समोर असलेल्या माणसाबद्दल कोण लिहितं? मी लांब होतो, म्हणून मला लिहिलं.

शिक्का बघून ओरडू नकोस. त्याचा तो नियमच आहे. जो कागद खोटा ठरतो त्याच्या प्रत्येक वादग्रस्त ओळीवर जांभळा शिक्का बसतो, म्हणजे पुढे कुणी तो खरा म्हणून खपवू नये. शाई पुसली जात नाही, कागद खरवडला तरी मागच्या बाजूला उतरते. तुला आधी विचारायला हवं होतं असं वाटलं, पण तू म्हणाली असतीस, नको. मग विचारून काय फायदा?

१५ मेला ये. खुर्ची आहे.

तुझा
धाकटा

❖

२२ एप्रिल २००३

धाकट्या,

गुरुवार, १७ एप्रिल, सकाळी सव्वाअकरा वाजता पोस्टमनने तुझं पार्सल दिलं आणि मी सही केली. १७ एप्रिल कसला दिवस, ते तुला आठवत नसणार. वही कसली आहे हे माहीत असून तू ती बरोबर माझ्या एकसष्टाव्या वाढदिवसाला पोचवलीस, आणि ते जमवण्याइतकीही मी तुला आठवत नव्हते. शेजारच्या बाई पार्सल बघून म्हणाल्या, भावाने भेट पाठवली वाटतं. मी हो म्हटलं.

पान एकेचाळीस उघडलं. "मुलगी झाल्याची तार आली" यावर आडवा, जांभळा, अंगठ्याएवढ्या अक्षरांत "बनावट". "आकाश स्वच्छ" अर्धं वाचता येतं. "लांबचं दिसतंय" आता दिसत नाही.

आता लिहिते ते एकदाच वाचून भागणार नाही, तेव्हा चष्मा लाव.

बाबांनी अपघातानंतर मरेपर्यंत एकही सही केली नाही. एकही. त्यांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली होती. तू सुट्टीत यायचास तेव्हा ते हातमोजे घालून बसायचे आणि तुला वाटायचं की सैनिकी रुबाब आहे. एकदा एक वार्ताहर आला आणि त्यांना दयेने बघायला लागला. ती नजर त्यांना सहन झाली नाही. त्यांनी सांगून टाकलं की मी पुन्हा लिहायला शिकलोय. छापून आलं. आठवड्यात सहीसाठी पत्रं यायला लागली, पोतं भरून.

मी अकरा वर्षांची होते. दार लावून त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि निळी वही पुढे ठेवली, म्हणाले, ही माझी सही, शीक. कोंबडी शाईत बुडून कागदावरून पळाली तर उठतील तसले फराटे. मला जमेनात. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारून मारून माझं वळण पक्कं केलं होतं, माझा हात वाकडा जायलाच तयार नव्हता. तासाभराने बाबा म्हणाले, "जाऊ दे. तुझ्या वळणाने कर. माझी सही कशी होती हे कुणाला आठवतंय?" तेव्हापासून ते गेले तोपर्यंत त्यांची सही मी आहे. तुझे दोनशे चौदाच्या दोनशे चौदा कागद माझे. शर्यतीचा तो फोटोसुद्धा. फोटो जुना आहे, सही त्याच्यावर मी चौदा वर्षांची असताना केली. आणि ती धावपट्टी सोडणारी रेघ! तिसरीच्या वर्गात ओळ संपली की पेन असं उचलायचं, नाहीतर शाई फुटते, हे सिस्टर शिकवायच्या. आमच्या वर्गातल्या चाळीस मुलींच्या रेघा उडायच्या. अध्यक्षांना कळव, म्हणजे ते डोळे पुसतील.

ती पंधरा पत्रं? बुधवार, ५ मार्च, दुपारी तीन ते साडेचार, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. छापील कोरे कागद शिल्लक होते, टाइपरायटर अजून चालतो. मधे एकदा थेंब घालायला उठले होते. तुझ्या तज्ज्ञाने नाकाशी नेला तो कागद हिंगाच्या डबीशेजारी वाळत होता.

खात्री हवी असेल तर सोबत विजेचं या महिन्याचं बिल आहे. त्याच्या पाठीवर आज सकाळी बारा सह्या केल्यात. तज्ज्ञाला दाखव. याहून स्वच्छ नमुना त्याने पाहिला नसेल.

आता माझं सांगते, म्हणजे तुला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. नमुना म्हणून माझे कागद धरल्याचं तू कळवलंस त्या दिवशीच मला समजलं होतं की खरी वही खोटी ठरणार. २७ मार्चच्या पत्रात एक वाक्य लिहिलं असतं तरी वही वाचली असती. लिहिलं नाही. मला १५ मे हवा होता. सगळे खुर्च्यांवर बसले असते, तू भाषणाला उभा राहिला असतास, आणि मी पहिल्या रांगेतून उठून फळ्यावर एक सही करून दाखवली असती. त्या एका दिवसाच्या हौसेपायी मी गप्प बसले. पान एकेचाळीसवरच्या शिक्क्याला एका बाजूने तुझा हात लागलाय आणि एका बाजूने माझा. तुझ्यावर मी ओरडू शकते, माझ्यावर ओरडायला घरात कुणी नाही.

राहिलं तुझं पत्र, दाढी करताना वाचतोस ते. सही माझी, हे आतापर्यंत तुझ्या लक्षात आलंच असेल. आता उरतो मजकूर. तुझ्या शाळेतून निकाल आला त्या संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली आणि दार लावायला सांगितलं. ते खिडकीशी उभे होते. तुझ्याबद्दल ते काही वाक्यं बोलले. मी टाइपरायटरवर काही वाक्यं उतरवली. ते जे बोलले तेच मी उतरवलं का, हे जगात फक्त मला माहीत आहे. कदाचित शब्दन् शब्द त्यांचा असेल. कदाचित ते दुसरंच काही बोलले असतील आणि तंबूमागे बसलेल्या भावाला ते धाडवेना, म्हणून वीस वर्षांच्या एका मुलीने घरी बसून त्याला बाप टाइप करून दिला असेल. तुझ्या तज्ज्ञाकडे याच्यासाठी भिंग नाही.

तू मला लिहिलंस की माझी ओळ कुण्या कारकुनाची. ते तुला खरं वाटत होतं, म्हणून तू लिहिलंस. मला खरं काय ते माहीत आहे, आणि मी लिहीत नाही. एवढाच आपल्यातला फरक.

मला काय हवं ते आता लिहिते. उड्डाणांची नोंदवही खरी आहे, पान एकेचाळीसवरची ओळ बाबांच्या हातची आहे, शिक्का चुकीने मारला गेला, असा कागद मला हवा. त्याच्यावर तज्ज्ञाची सही हवी आणि तुझी हवी, आणि त्याची प्रत १५ मेला मधल्या काचेच्या पेटीत, बुटांशेजारी, लोकांना वाचता येईल अशी. वही खरी असं तू लिहिलंस की बाकी दोनशे एकोणतीस कागद काय आहेत, ते वेगळं लिहायला लागणार नाही. लोकांना वाचता येतं. मग दालन राहील की नाही ते क्लब बघेल.

तो कागद माझ्या हातात पडला की त्याच दिवशीच्या पोस्टाने मी तुला, त्या संध्याकाळी बाबा खिडकीशी काय बोलले, ते जसंच्या तसं टाइप करून पाठवीन. खाली सही माझ्या स्वतःच्या नावाने असेल. दालन ठेवायचं असलं तर ठेव. मग रोज सकाळी फ्रेमसमोर उभा राहून दाढी कर आणि अंदाज बांध. वस्तरा जपून धर.

सूनबाईंना फोनवर बसवू नकोस, मी उचलणार नाही. तुझं लेखी उत्तर, टाइप केलेलं नको, स्वतःच्या अक्षरात, सोमवार, ५ मे २००३, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला मिळालं पाहिजे. पाचनंतर आलेलं पाकीट न उघडता परत जाईल, आणि ते बाबांचे शब्द माझ्याबरोबरच जातील.

ताई